निळं की हिरवं

राकियाच्या दारूचे छोटे पेले कुठल्या कपाटात असतात, हे तिहोमिरला आठवेना. त्याने नळावरचं कपाट उघडलं, तर आत अकॉर्डियनच्या शिकवणीच्या वह्यांची चळत. शेजारच्या कपाटात लोणच्याच्या बरण्या. खालचा खण ओढला तर तो अर्ध्यावर अडकला आणि आतून कसल्याशा झाकणांचा खडखडाट झाला. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची पहिली खेप येऊन बसली होती आणि व्हिदोयेचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता.

"अहो यजमान, घसा वाळला इथे! विमानात म्हणे बसल्याबसल्या हातात देतात!"

"आलो, कुमा, आलो."

व्हिदोये त्याचा कुम. लग्नात शेजारी उभा राहून साक्ष दिलेला माणूस, म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा, आणि म्हणून वाटेल ते बोलायला मोकळा. तिहोमिर चौथं कपाट उघडणार तेवढ्यात नेवेना आत आली. एकोणीस वर्षांच्या त्याच्या मुलीने टाचा उंचावल्या, फ्रिजवरचं तबक खाली घेतलं आणि त्यावरचा रुमाल काढला. बारा पेले, पुसून पालथे घातलेले.

"तीन वर्षं इथेच असतात, बाबा," ती म्हणाली आणि ते घेऊन बाहेर गेली.

व्हिएन्नाच्या विमानतळावर सोनेरी कार्डवाल्यांसाठी जे दालन आहे, तिथले पेले त्याला डोळे बांधूनही सापडले असते. सूप कुठे, चमचे कुठे, कुठल्या नळाला गरम पाणी लवकर येतं, सगळं पाठ. कालची रात्र त्याने तिथेच काढली होती. कोपनहेगनहून परतताना धुक्यामुळे पुढचं शेवटचं विमान रद्द झालं, सकाळचं आठला बेलग्रेडला उतरलं, तिथून साडेतीन तास गाडी चालवून तो अंगातल्या त्याच कोटानिशी आरिल्येला, आपल्या गावी पोचला, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पाद्री येऊन गेला होता. पूजेचा पाव कापून झाला होता.

आज संत आंद्रेयाचा दिवस, म्हणजे या घराची स्लावा, घराचा दिवस. ज्याच्या त्याच्या घराला ज्याचा त्याचा संत असतो. बापाकडून तो मुलाकडे येतो, घराबरोबर आणि जमिनीबरोबर. या दिवशी आमंत्रण द्यायचं नसतं आणि दार लावायचं नसतं. येणारा येतो, गव्हाचा प्रसाद चमचाभर तोंडात टाकतो, राकिया घेतो, जेवतो. यजमान मात्र बसत नाही. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत तो उभा. तिहोमिरचे वडील सत्त्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, संध्याकाळपर्यंत उभे राहिले होते. मागची तीन वर्षं मात्र तिहोमिर या दिवशी घरीच नव्हता. रासबेरी पिकते जूनमध्ये, पण तिचे सौदे होतात डिसेंबरात. ल्यों, हॅम्बुर्ग, कोपनहेगन. तिथे कुठल्या तरी मुरंब्याच्या कारखान्यात, थंडगार खोलीत, पांढरा अंगरखा घातलेला माणूस गोठवलेल्या रासबेरीची पिशवी फोडून अख्खी फळं एका बाजूला आणि फुटकी एका बाजूला करत असे आणि तिहोमिर हात मागे बांधून ते बघत उभा राहत असे. उभं राहण्याची सवय तशी होतीच.

घरी पाद्रीबरोबर पूजेचा पाव धरून फिरवायला घरचा माणूस लागतो. पहिल्या वर्षी नेवेनाने धरला तेव्हा त्याची योवांकाआत्या दोन दिवस रुसून बसली होती, पोरीच्या जातीने कधी पाव कापलाय का म्हणून. दुसऱ्या वर्षी ती नुसतीच गप्प होती. आज तिहोमिर दारातून आत आला तेव्हा ती ऐंशी वर्षांची म्हातारी मेणबत्तीजवळच्या खुर्चीत बसून शेजारणीला सांगत होती, की पाद्रीबुवा म्हणाले, नेवेनाचा हात असा स्थिर, की पावावर ओतलेल्या वाईनचा थेंब सांडला नाही.

तो बाटली घेऊन बाहेर आला आणि पेले भरू लागला. पाय ओले झालेल्या पिशवीसारखे जड झाले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेली, ती व्हिदोयेने बरोबर टिपली.

"काय रे, पुढचं विमान कितीचं?"

"विमान नाही. पाच वाजेपर्यंत एक कागद पाठवायचाय."

"बघू."

कुमाला नाही म्हणता येत नाही. तिहोमिरने कोटाच्या आतल्या खिशातून दोन घडी घातलेले कागद काढले आणि माशाच्या ताटलीशेजारी ठेवले. आत्याने चष्मा नसलेले डोळे बारीक केले.

"डॉक्टरचे आहेत का? मला खरं सांग."

"नाही गं आत्या. विमानवाल्यांचे."

मग सांगावं लागलं. दहा वर्षं तो ज्या कंपनीच्या विमानाने फिरत होता, तिचं कार्ड निळं. वर्षाला ठरावीक फेऱ्या झाल्या की त्याच कार्डाला सोनेरी पट्टा येतो: रांग नाही, सामानाला बंधन नाही, बसायला दालन. आता निळ्यांनी नवा नियम काढला. सलग बारा वर्षं पट्टा राखला, तर तो जन्मभर. त्याची दहा होत आली होती. या महिनाअखेरीपर्यंत दोन फेऱ्या कमी पडत होत्या. दुसरी कंपनी हिरवी. ती म्हणत होती, तुमचं जुनं कार्ड दाखवा, आम्ही लगेच तसंच देतो, शिवाय घरच्या एका माणसाला फुकट. मात्र होकार आज पाचच्या आत, आणि पुढच्या तीन महिन्यांत सहा फेऱ्या आमच्याच. दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची सोय नव्हती.

"तीस वर्षं मी आरिल्ये-उझित्से बस चालवली," व्हिदोये म्हणाला. "रोज चार फेऱ्या. मला कुणी लाकडाचंही कार्ड दिलं नाही."

"तुला शिव्या दिल्या ना लोकांनी, कुमा. त्या जन्मभराच्या."

सगळे हसले. व्हिदोये सगळ्यांत मोठ्याने हसला आणि पेला पुढे केला. नेवेनाने दुसऱ्या बाजूने येऊन तो भरला. तिहोमिर अजून बाटलीचं बूचच काढत होता.

"जन्मभर म्हणजे कुणाच्या जन्मभर?" आत्या अजून तिथेच होती. "तुझ्या, की विमानाच्या?"

"माझ्या, आत्या."

"मग तब्येतीला जप. असा सुकलायस की कार्डाचं नुकसान व्हायचं."

ती चेष्टा नव्हती. आत्या कधी चेष्टा करत नसे. व्हिदोयेने आपलं मत दिलं, की हातातलं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, निळं ते निळं. कोपऱ्यातल्या शेजारणीला घरच्या माणसाचं फुकट कार्ड आवडलं. बायकोला, स्नेझानाला, एकदा समुद्र दाखव म्हणाली. अर्ध्या खोलीने निळ्याची बाजू घेतली, अर्ध्या खोलीने हिरव्याची. ज्या माणसांनी मागच्या उन्हाळ्यात बेलग्रेडसुद्धा पाहिलं नव्हतं, ती माणसं सहा फेऱ्या आणि दोन वर्षं यांचा असा कीस पाडू लागली, की तिहोमिरला आपल्याच आयुष्याबद्दल कुणीतरी भाव करतंय असं वाटलं. तो मान डोलावत राहिला. त्याला यातलं काहीच नको होतं, आणि हे अजून त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

राडिसाव दोनच्या सुमारास आला. रासबेरीच्या शीतगृहाचा मालक, आणि म्हणून तिहोमिरचाही. अंगाने आडवा, मनाने सरळ. प्रसादाचा चमचा तोंडात धरूनच त्याने तिहोमिरला खिडकीशी नेलं.

"काय ठरलं?"

"आज सांगतो म्हणालो होतो ना."

"आजच आहे. सोमवारी मला कागद करायचेत. तू शीतगृह सांभाळायला घेतलंस तर माझा भाचा परदेश बघेल. नाही तर भाचा शीतगृहात आणि तू आहेस तिथे. त्याला विमानाचं वेड आहे. वेड आहे तोवर फिरू दे की."

शीतगृह गावाच्या टोकाला होतं, घरापासून चालत आठ मिनिटं. पगार थोडा कमी, पण दुपारचं जेवण घरी. महिन्यापूर्वी राडिसावने पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तिहोमिरने विषय हसण्यावारी नेला होता. मग काल रात्री व्हिएन्नाच्या दालनात फरशी पुसणारी बाई त्याच्यापाशी आली. साठीची, निळ्या एप्रनातली. कोपऱ्यातली मागे कलणारी खुर्ची तिने पुसली, त्यावर घडी केलेली शाल ठेवली आणि त्याला म्हणाली, "तुमची खुर्ची ठेवलीय मी, साहेब." तिने चांगुलपणाने म्हटलं होतं. तो त्या खुर्चीत बसला. या बाईला आपली खुर्ची माहीत आहे. किती रात्री इथे काढल्या म्हणजे एखाद्याची खुर्ची ठरते? पहाटेपर्यंत त्याचं ठरून गेलं. निळं नको, हिरवं नको, घरी यायचं. गाडी चालवताना तीन तास तो स्नेझानाला हे कसं सांगायचं याचीच वाक्यं जुळवत होता, लग्नाआधी जुळवायचा तशी.

"तासाभरात सांगतो," तो राडिसावला म्हणाला. "तिच्याशी बोलतो आधी."

"अजून बोलला नाहीस?" राडिसावने भुवया चढवल्या. "ती तर नाचेल रे!"

स्वयंपाकघरात स्नेझाना मासे तळत होती. नाताळाआधीच्या उपासाचे दिवस असल्यामुळे मांस नव्हतं, मासे चालत. कढईत कार्पचे तुकडे, ओव्हनमध्ये कांदा घालून भाजलेला राजमा, खिडकीत थंड व्हायला ठेवलेली अक्रोडाची वडी. तिने केस रुमालात बांधले होते आणि बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या. पन्नाशीतही तिच्या बोटांना वाजवणाऱ्या माणसाच्या बोटांचा डौल होता. त्याला ती फार सुंदर वाटली, आणि तसं म्हणायची सवय गेल्याचं लक्षात आलं.

"बाहेर काय गोंधळ आहे?" तिने विचारलं.

"माझ्या कार्डावर पंचायत बसलीय."

"दाखव."

तिने हात पुसले आणि कागद घेतले. हिरव्या कागदावर तिची नजर थांबली.

"हे माझं नाव?"

"घरच्या माणसाचं फुकट होतं. मागच्या आठवड्यात लिहिलं."

"मी कुठे जाणार, तिहो?" ती हसली. "मंगळवार, गुरुवार, शनिवार शिकवणी. बुधवारी चर्चमधलं गाणं. चौदा पोरं आहेत आता माझ्याकडे. मधल्या खोलीतला पलंग काढला ना आपण, तरी जागा पुरत नाही."

पलंग काढल्याचं त्याला माहीत नव्हतं. 'आपण' म्हणजे ती आणि नेवेना असावी. त्याने तुकडे उलटायचा झारा हातात घेतला, काहीतरी करायला हवं म्हणून.

"राडिसाव मला शीतगृह देतोय," तो म्हणाला. जुळवलेल्या वाक्यांपैकी हे एकही नव्हतं. "जानेवारीपासून. फिरणं बंद. मी घरी असेन."

कढईत तेल चुरचुरत राहिलं.

"रोज?" स्नेझानाने विचारलं.

"रोज. दुपारी जेवायलासुद्धा."

तिने त्याच्या हातातून झारा घेतला, एक तुकडा उलटला, दुसरा उलटला, मग शेगडीच बंद केली. ती वळली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की त्याने तो पूर्वी एकदाच पाहिला होता, तिची आई गेली तेव्हा.

"मला आनंद व्हायला हवा," ती म्हणाली.

त्याने ओट्यावरची ताटली उगाच जरा सरकवली.

"मी वाट बघतेय आनंद होण्याची. आत्ता, इथे उभी राहून. आणि मला भीती वाटतेय."

"माझी?"

"तुझी कशाला वाटेल! तू भला माणूस आहेस." तिने रुमाल सोडून परत बांधला. "ऐक. तू पहिल्यांदा जायला लागलास ना, तेव्हा मी तुझा कॉफीचा कप धुवायची नाही. तू निघताना पिऊन ठेवलेला, तसाच ठेवायची, तू येईपर्यंत. कप धुतला की गेलासच, असं वाटायचं. दोन वर्षं केलं मी हे. मग एकदा धुतला. मग रोज धुवायला लागले. आता तुझा कप यातला कुठला, हे मला विचारलंस तर सांगता येणार नाही."

बाहेर व्हिदोयेने काहीतरी म्हटलं आणि खोली हसली.

"एकटीने राहायला शिकायला मला फार वर्षं लागली," ती हळू आवाजात म्हणाली. "फार त्रास झाला शिकताना. आता जमलंय. सकाळी उठते, खिडकी उघडते, वाजवते, कुणी झोपलेलं नसतं. मला ते आवडतं. पाप वाटतं, पण आवडतं. ते एका दिवसात विसर म्हणालास, तर कसं विसरू?"

"मी तसं म्हणत नाहीये."

"माहीत आहे. तू विचारलंस म्हणून मी सांगितलं. येतो म्हणालास तर ये. घर तुझं आहे. मी तोंड वाकडं करणार नाही."

हे खरं होतं. ती तोंड वाकडं करणार नव्हती. दुपारी एकला ताट वाढणार होती, शिकवणीची पोरं कमी करणार होती, सकाळी हलक्या पावलांनी चालणार होती. वीस वर्षांपूर्वीची बायको तो तिच्याकडून परत मागायला आला होता, आणि ती तीही देईल, ओरबाडून काढून देईल. त्याला राग यायला हवा होता. राग कुणावर धरायचा तेच सापडेना. नुसते पाय दुखत होते.

"मग यातलं कुठलं घेऊ?" त्याने विचारलं.

स्नेझानाने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते बाहीने पुसले आणि चष्मा लावला. बाहेरच्या तीसेक माणसांपैकी कुणीच कागद शेवटपर्यंत वाचला नव्हता. तिने वाचला, विद्यार्थ्याची वही तपासावी तशी, एकेका ओळीवर बोट ठेवून, बारीक अक्षरांतली कलमंसुद्धा.

"हिरवं नको," ती म्हणाली. "ते दर वर्षी नव्याने मागणार. निळं घे. दोनच वर्षं काढायचीत. एकदा बारा झाली की पुढे कुणी फेऱ्या मोजणार नाही. गेलास तर गेलास, नाही गेलास तर नाही."

"दोन वर्षं."

"दोन वर्षांत नेवेनाचं कॉलेज होईल. मी पण..." तिने वाक्य शोधलं. "मी पण जरा सवय करते. महिन्यातून एक आठवडा जास्त राहत जा. मग दोन आठवडे. एकदम नको."

तिने कागदांची घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवली, आणि खिशावर तळहात क्षणभर तसाच राहू दिला. मग तिने शेगडी पेटवली.

तिहोमिर मागच्या पायऱ्यांवर गेला. तिथे कुणी नव्हतं. टेकड्यांवर रासबेरीच्या काटक्या तारांना बांधून उभ्या होत्या, थंडीत काळ्या पडलेल्या. त्याने फोनवर निळ्यांचं पान उघडलं. अठ्ठावीस डिसेंबर, बेलग्रेड ते व्हिएन्ना, त्याच दिवशी दुपारी परत. जाणं एक, येणं एक, दोन फेऱ्या पुऱ्या. व्हिएन्नात त्याला काही काम नव्हतं. पानाने विचारलं, प्रवासाचं कारण काय: काम, सहल की नातेवाइकांची भेट? त्याने जरा वेळ अंगठा धरून ठेवला आणि काम निवडलं.

आत येऊन त्याने राडिसावला बाजूला घेतलं.

"भाच्याला शीतगृहच दे."

"अरे! असं कसं?" राडिसावने त्याचा दंड धरला. "स्नेझाना काय म्हणाली?"

"तिला विचारलंच नाही. वेळच नाही मिळाला. माझाच पाय घरात टिकत नाही रे, सवय लागलीय. दोन वर्षं फिरू दे, दहाची बारा होऊ दे. जन्मभराचं कार्ड मिळतंय."

"कार्डापायी?"

"कार्डापायी."

राडिसाव त्याच्याकडे असा पाहत राहिला, जसा तो पोत्यात ओली निघालेली रासबेरी बघायचा. मग त्याने खांदे उडवले आणि खोलीत जाऊन जाहीर केलं, की निळं जिंकलं. निम्म्या लोकांनी पेले उंचावले. व्हिदोयेने टेबलावर मूठ आपटली आणि आपल्या सल्ल्याची किंमत म्हणून आणखी एक पेला मागितला. शेजारीण स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हळहळली, बिचारीचा समुद्र राहिला. आत स्नेझानाने ते ऐकलं असणार. ती बाहेर आली नाही.

साडेचार झाले. दुपारचे पाहुणे उठून संध्याकाळचे येऊ लागले. तिहोमिर दारापाशी उभा राहिला. ती यजमानाची जागा. येणाऱ्यांतले काही चेहरे त्याच्या ओळखीचे नव्हते. शिकवणीच्या पोरांचे आईबाप, गाण्यातल्या बायका, नेवेनाच्या कॉलेजातली कुणी. तो प्रत्येकाला या, या म्हणत होता आणि ते आदराने मान लववून, त्याला ओलांडून, आत स्नेझानाला शोधत होते.

मग एक म्हातारा आला. काठी टेकत, कानापर्यंत लोकरी टोपी, काखेत घरच्या वाईनची बाटली. दारात त्याने टोपी काढली, तिहोमिरशी अगत्याने हात मिळवला आणि विचारलं,

"यजमान कुठेत?"

तिहोमिरने तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याला तोवर आत नेवेना दिसली होती. त्याचा चेहरा फुलला. काठी खटखटवत तो तिच्याकडे गेला, तिच्या गालांचे तीनदा मुके घेतले आणि बाटली तिच्या हातात दिली.

"स्लावा सुखाची होवो, यजमान! माझ्या नातवाला तुझ्या आईने वाजवायला शिकवलं, तेव्हापासून आमच्या घरात कुणी झोपत नाही!"

"या, या, आजोबा! बसा," नेवेना म्हणाली. "मी प्रसाद आणते."

म्हातारा टेबलाच्या टोकाला बसला, कोट उतरवला आणि तेव्हा त्याला दारातला माणूस पुन्हा दिसला.

"अहो, तुम्ही का उभे?" तो म्हणाला. "दमलेले दिसता. लांबून आलात का?"

"कोपनहेगनहून."

"बाप रे! मग बसा की. या इकडे, जागा आहे."

त्याने शेजारची खुर्ची काठीने ओढून दिली. तिहोमिरने खोलीभर नजर टाकली. व्हिदोये कुणाला तरी बसचा किस्सा सांगत होता. आत्या डुलक्या घेत होती. राडिसाव गेला होता. स्नेझाना पाठमोरी, गरम राजमा वाढत होती. मेणबत्ती शांत जळत होती, खोलीत कुणाला काही कमी पडत नव्हतं.

तो बसला. खुर्चीत पाठ टेकली तेव्हा त्याच्या तोंडून नकळत हुंकार निघाला, इतकं बरं वाटलं. म्हाताऱ्याने समजुतीने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि कोपनहेगनला थंडी किती असते, असं विचारलं. तिहोमिर सांगू लागला.

नेवेना तबक घेऊन नव्या पाहुण्यांच्या रांगेतून येत होती. वाडग्यात साखरेने पांढरा झालेला गहू, बाजूला चमचे. डोक्यात बहुधा किती माणसं जेवायची राहिली याचा हिशेब चालू असावा. नजर तबकावर, आणि प्रत्येकासमोर थांबून ती तेच म्हणत होती. म्हाताऱ्याला म्हणाली. मग एक पाऊल पुढे सरकली.

"घ्या. आमच्या घरी आलात, फार बरं वाटलं."

तिहोमिरने चमचा उचलला, भरला आणि तोंडात टाकला. गहू मऊ शिजला होता. मग नेवेनाने वर पाहिलं. तबक तिच्या हातात किंचित कललं, आणि तिने ते पुन्हा सरळ केलं.

"छान झालाय," तो म्हणाला, आणि चमचा तबकात ठेवला. पुढे बसलेल्या बाईने हात पुढे केला होता, म्हणून नेवेना तिच्याकडे वळली.